बाणाचा ण

“ढोकेदादा, ण म्हणताना तुम्ही जीभ कुठं लावता?”

प्रणिता चवरेने हे विचारलं तेव्हा मी डब्यातली शेवटची पोळी तोडत होतो. आमच्या अभ्यासिकेच्या गच्चीवर दुपारी आम्ही सात-आठ जण जेवायला बसायचो. बाकीचे उठून गेले होते आणि मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत रेंगाळलो होतो.

“म्हणजे?”

“म्हणजे टाळूला की दातांच्या मागं?”

“टाळूला. जरा मागं वळवायची. का गं?”

“एकवीस दिवसांनी माझी मुलाखत आहे.” ती एकेक शब्द जपून खाली ठेवल्यासारखी बोलायची. “तुमचं बोलणं इथं सगळ्यात शुद्ध आहे. मला रोज अर्धा तास द्याल का?”

पुण्याच्या पेठेतल्या त्या अभ्यासिकेत ऐंशी खुर्च्या होत्या. ऐंशीच्या ऐंशी जण स्पर्धा परीक्षेचे, आणि त्या वर्षी राज्यसेवेच्या मुलाखतीपर्यंत पोचलेली ती एकटीच. कारंजा तालुक्यातल्या एका खेड्यातून आली होती. वडिलांनी तीन वर्षं दिली होती आणि तिसरं संपत आलं होतं. मुलाखत नीट झाली असती तर ती उपजिल्हाधिकारी झाली असती. नसती झाली तर बॅग भरून घरी.

ती हा प्रश्न मला का विचारत होती ते अख्ख्या पेठेला माहीत होतं. एका क्लासने तिची सराव मुलाखत यूट्यूबवर टाकली होती. चाळीस मिनिटांच्या त्या मुलाखतीत भूजलावर ती इतकं छान बोलली होती की समोरचे सर पेन खाली ठेवून ऐकत होते. मग एकतिसाव्या मिनिटाला तिने सांगितलं, “सर, जे काम मिळेल ते मी मणापासून करीन.”

मनापासून नाही, मणापासून. दोन-अडीचशे लोकांनी तो व्हिडिओ पाहिला होता आणि एकाच्याही कानाला ते खटकलं नव्हतं. मग फेसबुकवरच्या ‘खुर्ची नंबर शून्य’ नावाच्या पानाने तेवढे नऊ सेकंद कापून टाकले. वर लिहिलं, ‘इतर उमेदवार मनापासून काम करतात. या ताई मणापासून करणार. चाळीस शेर भरतील इतकं. कुणीतरी काटा आणा रे!’ दोन दिवसांत ते नऊ सेकंद लाखभर लोकांनी पाहिले. प्रणिताची मणाताई झाली. एके सकाळी तिच्या खुर्चीला कुणीतरी चिठ्ठी चिकटवून ठेवली होती, ‘कमाल वजन : १ मण’. तिने ती काढली, घडी केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून आली.

खुर्ची नंबर शून्य म्हणजे मी.

हे कुणालाच माहीत नव्हतं. माझी खुर्ची चौतीस नंबरची. पहिल्यांदा नापास झालो त्या आठवड्यात मी ते पान सुरू केलं होतं. कोण पुस्तकावर डोकं ठेवून झोपतो, कोण रोज वांग्याचीच भाजी आणतो, असल्या बिनविषारी गमती. हळूहळू आसपासच्या सगळ्या अभ्यासिकांतली पोरं ते वाचायला लागली. दुसऱ्यांदा नापास झालो तोवर गमतीला दात फुटले होते. चहाच्या टपरीवर केदार माझ्याच ओळी मला वाचून दाखवायचा. केदार पुण्यातलाच, घरचं बरं, स्वभावाने मोकळा. त्याचं बोलणं ऐकत राहावं असं होतं. तो हसता हसता म्हणायचा, “काय लिहितो राव हा माणूस!” परीक्षेच्या यादीत माझं नाव कधी लागलं नाही, पण त्या हशात मी रोज पास व्हायचो.

“देईन की,” मी प्रणिताला म्हटलं. “उद्यापासून दोन वाजता. इथंच.”

मी हो का म्हटलं? थोडं भाव खाण्यासाठी, थोडं अपराधी वाटलं म्हणून, आणि थोडं, आज सांगायला लाज वाटते, पानासाठी काही मिळेल म्हणून.

ती पहिल्या दिवशी वही घेऊन आली. पानाच्या मधोमध रेघ मारून तिने दोन रकाने केले होते. एकावर लिहिलं होतं ‘नळाचा’, दुसऱ्यावर ‘बाणाचा’. मी वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचायला द्यायचो, ती वाचायची, चुकलेला शब्द आपापल्या रकान्यात लिहायची. चुका फार नव्हत्या. ज्या व्हायच्या त्या सगळ्या एकाच जातीच्या. पाणी, लोणी, कोण, कारण हे ती अगदी बिनचूक म्हणायची. पण घाई झाली किंवा कुणी टक लावून पाहिलं की मनाचं मण व्हायचं, नंतरचं णंतर व्हायचं.

“शाळेत तुम्हाला कुणी शिकवलं नाही?” मी विचारलं.

“शिकवलं ना. बाई फळ्यावर लिहायच्या आणि आमच्याकडून घोकून घ्यायच्या. नळाचा न, बानाचा न.”

मला हसू फुटलं. तीही हसली. बाण म्हणता न येणाऱ्या बाईंनी बाणाचा ण शिकवायचा, आणि चाळीस पोरांनी तोच मोठ्याने घोकायचा. आम्ही दोघं इतके हसलो की खालून कुणीतरी “गच्चीवर शांतता ठेवा” म्हणून ओरडलं.

हसणं थांबल्यावर तिने विचारलं, “तुमच्याकडं पाण्याला काय म्हणतात, दादा?”

“पाणी.”

“घरीपण?”

“घरीपण. आम्ही नाशिकचे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. नजर रागाची नव्हती, संशयाचीही नव्हती. दारात उभं राहून कुणी आत ये म्हणायची वाट बघावी, तशी. मग म्हणाली, “बरं,” आणि पुढचा परिच्छेद वाचायला लागली.

मी नाशिकचा नव्हतो. नाशिकला फक्त कॉलेज केलं होतं. माझं गाव दारव्हा तालुक्यात, तिच्या गावापासून एसटीने तासा-दीड तासावर. आमच्या घरी पाण्याला पानीच म्हणतात. कॉलेजच्या पहिल्या महिन्यात मेसमध्ये मी “जरा पानी द्या” म्हटलं आणि पुढं सहा महिने पोरं माझ्यासमोर पेले भरून ठेवायची, “पानी घ्या ढोके, पानी!” सुट्टीत मी आरशासमोर बसून ण घोटला. इतका घोटला की गॅदरिंगमध्ये माईकवर उभा राहिलो आणि पहिलाच शब्द तोंडातून आला, “णमस्कार.” त्या दिवशी झालेलं हसणं मी अजून विसरलेलो नाही. पुण्यात आलो तेव्हा ठरवूनच आलो की आता नाशिकचं म्हणायचं. आईचा फोन आला की चार मजले उतरून रस्त्यापलीकडे जायचो आणि तिथं तिच्याशी आमच्या बोलीत बोलायचो. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, म्हणतात ते हेच.

म्हणून मला तो मण ऐकू आला. तो अडाणीपणा नव्हता, अभ्यास होता. जिला ण येत नाही ती पानी म्हणते. मण तीच म्हणते जिने एकटीने, उशिरा, जिवाच्या कराराने ण शिकलेला असतो. अख्ख्या अभ्यासिकेत हे कळणारा मी एकटा होतो, आणि मी त्याचे नऊ सेकंद कापले.

शिकवणी सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले होते. एके दुपारी तिने मला तिच्या नावाची गोष्ट सांगितली.

“आमच्याकडं कुणालाच माझं नाव घेता येत नाही,” ती म्हणाली. “आई परनिता म्हणते. आजोबा परन्या म्हणायचे. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी परनीताच लिहिलं होतं. दहावीच्या अर्जाच्या वेळी मी बाबांना घेऊन तीनदा हेलपाटे घातले आणि ते बदलून घेतलं. मग वाटलं, कागदावर बदललं, पण तोंडानं म्हणता तर आलं पाहिजे. मोटार चालू करायला विहिरीवर जायची ना, तेव्हा मोटारीच्या आवाजात ओरडून म्हणायची. प्रणिता, प्रणिता. कुणाला ऐकू जायचं नाही.”

“किती दिवस?”

“एक उन्हाळा. पहिला ण मी माझ्या नावातला शिकले.”

मला त्या क्षणी सांगावंसं वाटलं. आरशाचं, णमस्काराचं, सगळं. अगदी ओठांवर आलं होतं. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, “चल, अर्धा तास झाला.”

दुसऱ्या दिवशी पुढच्या वर्षीच्या पूर्व परीक्षेचा निकाल लागला. तिसऱ्यांदा नापास. संध्याकाळी टपरीवर सगळे जमले होते. केदारने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एक कटिंग जास्त सांगितला. थोड्या वेळाने तो म्हणाला, “या आठवड्यात शून्य थंड पडलाय यार. मणाताईनंतर त्याचं काही जमेना.”

“संपला वाटतं,” दुसरा म्हणाला.

मी चहा अर्धा टाकून खोलीवर गेलो. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ‘घरी परनिता, दारी प्रणिता, विहिरीवर प-र-ण्णी-ता! मोटार बंद करा, ताई आल्या!’ खाली एका गावाकडच्या मुलीचं चित्र, तोंड उघडलेलं, समोर विहीर. पाठवून दिलं आणि परत टपरीवर आलो. लोक अजून तिथंच होते. केदारच्या फोनवर ते आलं, त्याने मोठ्याने वाचलं, आणि सगळे वाकून वाकून हसले. मीही हसलो. त्या संध्याकाळी मी नापास झालेलो आहे हे कुणाला आठवलं नाही, मलासुद्धा.

विहिरीची गोष्ट तिने दुसऱ्या कुणाला सांगितली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. इतक्या मैत्रिणी असतात मुलींना. तिला मैत्रिणी नव्हत्या, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ती गच्चीवर आली. जिन्यात दोन पोरांनी तिला “परनिता” म्हणून हाक मारलेली मी वरून ऐकली होती. ती समोर बसली, वही उघडली आणि म्हणाली, “आज काय वाचू?”

मी अग्रलेख दिला. तिने वाचला. एकही चूक झाली नाही, पण आवाज इतका हळू होता की मला पुढं वाकावं लागलं. त्यानंतर मुलाखतीपर्यंत ती रोज आली. रोज आवाज थोडा आणखी हळू. अग्रलेखाखेरीज ती एक शब्द बोलली नाही, आणि मीही तिला काही विचारलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी दुपारी ती सरळ अभ्यासिकेत परतली आणि आपल्या खुर्चीत बसून राहिली. मी तिला खुणेने गच्चीवर बोलावलं.

“कशी झाली?”

“त्यांनी पहिल्यांदा नाव विचारलं,” ती म्हणाली.

“मग?”

“मी फाईल पुढं केली.”

मला कळलं नाही. “म्हणजे?”

“नाव आलं नाही तोंडातून. ते चांगले होते हो. म्हणाले, घाई नाही, पाणी घ्या. मी पाणी प्यायले. मग होय सर, नाही सर. भूजलावर विचारलं त्यांनी. मला सगळं येत होतं.”

निकाल लागला तेव्हा ती सहा गुणांनी मागे होती. लेखी परीक्षेत ती निवड झालेल्यांतल्या कित्येकांच्या पुढे होती.

निकालानंतर चौथ्या दिवशी ती अभ्यासिका सोडून निघाली. मे महिना होता. मी जिन्याच्या वरच्या टप्प्यावर उभा होतो. तिच्या खांद्याला बॅग होती आणि हातात माझी वही. राज्यघटनेवरची माझी टिपणं तिने मुख्य परीक्षेच्या आधी, सात-आठ महिन्यांपूर्वी नेली होती. ती वही मी विसरूनही गेलो होतो.

“राहिली होती माझ्याकडं,” ती म्हणाली. मग आजूबाजूला बघितलं. जिन्यात कुणी नव्हतं. तिचा आवाज बदलला, सैल झाला, जणू घट्ट बूट काढले. “भाऊ, पयल्या पानावर एक चूक हाये.”

भाऊ. चार वर्षांत मला पुण्यात कुणी भाऊ म्हटलं नव्हतं.

मी वही उघडली. पहिल्या पानावर तीन रंगांत आखलेली यादी, माझी अभिमानाची. वर मोठ्या अक्षरांत शीर्षक. त्यातल्या दुसऱ्या अक्षराभोवती पेन्सिलीचा गोल होता. ‘अणुक्रमणिका.’

मणाताईच्या आठवड्यापासून खुर्ची नंबर शून्यवर दर रविवारी आठवड्यातल्या फजित्यांची यादी यायची. त्या यादीचं नाव मी हेच ठेवलं होतं, आणि असंच लिहिलं होतं. लिहिणाऱ्याने मणाताईची टिंगल म्हणून मुद्दाम ण घातलाय असं सगळ्यांना वाटलं होतं. त्याला खूप दाद मिळाली होती. मला ती दाद कशाची होती हेही कळलं नव्हतं. मला वाटायचं शब्द असाच आहे.

“केव्हा कळलं?” मी विचारलं.

“पयल्याच रविवारी. आनि वहीच्या मागं दारव्ह्याच्या दुकानाचा शिक्का हाये. तुमी आपल्याकडचे हा, हे मले त्याच्याही आधी मालूम होतं.”

“मग माझ्याकडं शिकायला कशाला आलीस?”

“शिकाले नाई आली, भाऊ. ण मले येतच होता. जास्तच येत होता.” ती किंचित हसली. “मले वाटलं, रोज समोर बसली तर तुमच्यानं लिहिनं होनार नाई. मानसाची वळख झाली की हात थांबते, असं आई म्हनते माही.”

माझ्या तोंडून जे निघालं ते त्यातल्या त्यात सोपं होतं. “सांगितलं का नाहीस कुणाला? केदारला सांगितलं असतंस तरी माझं पितळ उघडं पडलं असतं.”

“सांगतलं असतं तर त्याइनं तुमचंही तेच केलं असतं,” ती म्हणाली.

मी आजही ते वाक्य उलटसुलट करून पाहतो. त्यात टोमणा कुठं सापडत नाही. तिने खरोखर एवढाच विचार केला होता. मी पुढे मुलाखत नसलेली एक परीक्षा पास झालो, सरकारी नोकरीत आहे, ते पान केव्हाच काढून टाकलंय. तिने पुन्हा परीक्षा दिली नाही, इतकंच कानावर आलं. तिला लिहायला मी अनेकदा बसलो. ‘मनापासून माफी’ एवढे दोन शब्द लिहितो आणि पहिल्या शब्दापाशीच हात अडतो.

त्या दिवशी जिन्यात मी सुरुवात केली, “प्रणिता, मी...”

खालून पावलं वाजली. केदार आणि दोघं-तिघं चहा घेऊन वर येत होते. प्रणिताने बॅग सावरली आणि एका क्षणात तिचं बोलणं पुन्हा पहिल्यासारखं झालं, एकेक शब्द जपून ठेवलेलं.

“येते, ढोकेदादा. शिकवलंत त्याबद्दल आभारी आहे.”

माझ्यासाठी केलं तिने ते. त्यांच्यासमोर मला झाकलं. केदार बाजूला झाला, तिला वाट दिली, “ऑल द बेस्ट हं,” म्हणाला. ती दोन पायऱ्या उतरली असेल, तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. आई. एरवी मी खाली पळालो असतो, पण जिन्यात ती होती आणि वर केदार आणि बाकीचे.

“उचल की,” केदार म्हणाला.

मी उचलला.

“पानी येते काय रे तिकडं नळाले?” आईने विचारलं. “टीव्हीवर सांगून राह्यले, पुन्याले पानी नाई म्हनून.”

केदार माझ्याकडे बघत होता. खालच्या पायरीवर प्रणिता थांबली होती. वळून बघत नव्हती, नुसती थांबली होती.

“हो आई, पाणी येतं,” मी म्हटलं. “रोज सकाळी येतं. तू काळजी करू नकोस.”

खाली प्रणिताची पावलं पुन्हा वाजू लागली. मग आई जरा घाबरून, परक्या माणसाशी बोलावं तशी बोलली.

“कोन बोलते जी? हा गजूचा फोन हाये ना? त्याले द्या ना जरा.”